नत्थूजींची पत्ती

नत्थूजी क्लॅरिनेटची पत्ती चार आण्याच्या जुन्या नाण्याने जाळतात. क्लॅरिनेटच्या तोंडाला चोचीसारखा माउथपीस असतो, त्यावर वेताची पातळ पत्ती बसवतात. आवाज तीच करते. वाजवून वाजवून ती नरम पडली की आवाज चिरका होतो. मग नत्थूजी ओट्यावर बसतात, पत्तीचं टोक नाण्याच्या गोल कडेबाहेर केसभर काढतात, तेवढंच आगकाडीने जाळतात, कागदावर घासतात, बसवतात, फुंकतात आणि म्हणतात, "अजून टोचून राहिलं." मग पत्ती आवळून धरणारा स्क्रू सैल, पत्ती केसभर वर, पुन्हा फुंक. "टोचून राहिलं."

पांढुर्ण्यात आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे हे सगळं मला ऐकावंच लागतं.

जगातला प्रत्येक आवाज हा माणूस याच मापाने मोजतो. कोणाकडे कुकरची शिटी वाजली की, "पत्ती नवी आहे, बसेल हळूहळू." माझ्या मोटारसायकलच्या हॉर्नमध्ये त्यांनी एकदा न विचारता कापसाचा बोळा कोंबला. आणि मला, चार माणसांत म्हणाले, "भाऊ, तुमच्या आवाजाचं टोक झिजलं. थोडं कापा ना बाप्पा."

या आवाजावर मी उभा राहिलो. सुटत्या गाडीबरोबर फलाटावर धावत संत्री विकली, आज मंडीत दोन गाळे आहेत. भावात मी कोणाच्या बापाला सोडलं नाही. तरी यंदा थोरल्या मुलीच्या, शालूच्या, लग्नाचा बँड ठरवताना दोन तास घासाघीस करून मी अट घातली, की पुढे नत्थूजीच पाहिजेत. खोटं कशाला बोलू, त्यांच्यासारखं वाजवणारा सौसरपर्यंत कोणी नाही.

वऱ्हाड सौसरचंच होतं. वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि नत्थूजी सुराच्या मध्येच थांबले. ढोलवाले दोन पावलं पुढे जाऊन मागे पाहू लागले. घोडा थांबला, नवरदेव थांबला. नत्थूजी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातून नाणं काढलं.

"काय करून राहिले, नत्थूजी?"

"पाच मिनिटं, भाऊ. टोचून राहिलं."

पाचाची वीस झाली. मुहूर्त टळला. व्याह्यांसमोर मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान वर केली नाही, पत्तीच घासत राहिले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

परवा दुपारी त्यांचे तेच ते पाच सूर जेवणापासून चालले होते. माझी झोप मोडली. भांडायचंच ठरवून मी गेलो. दार उघडं होतं. त्यांच्या बायकोला, गिरजावहिनींना, सहा वर्षांपासून ऐकू येत नाही हे गल्लीला ठाऊक आहे. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, कानामागे मशीन. समोर नत्थूजी, पुढ्यात ते नाणं. त्यांनी फुंकलं. वहिनींचा हात कानाकडे गेला.

"अजून टोचून राहिलं," वहिनी म्हणाल्या.

नत्थूजींनी स्क्रू सैल केला.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. वहिनींनी मला पाहिलं. "या भाऊ. मशीन लावलं की यांचा बाजा सुईसारखा घुसते कानात. काढलं की काहीच नाई. सहा वर्षं मले यांचं वाजवणं नुसतं दिसत होतं." मग म्हणाल्या, "शालूच्या वरातीत पहिल्यांदा मशीन लावून उभी होती मी, गल्लीच्या कोपऱ्यावर. माहा हात कानाले गेला, तो यांनी पाहिला."

नत्थूजी पत्तीकडे बघत होते. पत्ती केसभर वर सरकवून त्यांनी ते पाच सूर पुन्हा वाजवले. वहिनींचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि मांडीवर परत आला.

"आता कमी टोचते," त्या म्हणाल्या.

मुहूर्त टळला तो टळलाच, ते मी सोडलेलं नाही. तेच बोलायला मी तोंड उघडलं, तसा वहिनींचा हात आपोआप कानाकडे निघाला. मी थांबलो. फलाटावर किंवा मंडीत कधी लावला नाही असा आवाज शोधावा लागला.

"येतो, वहिनी."

हात मध्येच थांबला. "या, भाऊ," त्या म्हणाल्या.

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि नाणं खिशात ठेवलं.