दुपारची महाड गाडी

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या आंबवड्यातून रोज दुपारी एक एसटी महाडला जाते आणि ऊन उतरलं की परत येते. भोरच्या डेपोत चौकशी कराल तर तुम्हाला वेड्यात काढतील, कारण ही गाडी आबांच्या पडवीत असते आणि जागची कधी हललेली नाही. दोन्ही बाजूंना बाकडी, मधे वाट, वाशाला बांधलेली सुतळी आणि तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा. एक टोला पडला की गाडी थांबली, दोन पडले की सुटली. प्रवासी म्हणजे आळीतली झाडून सगळी पोरं. त्यात माझीही दोन.

आबा आमचे शेजारी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले असं कागदोपत्री आहे, पण ते आबांना कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. देवळात आरतीला गर्दी झाली की ते मागून ओरडतात, "फुडं सरका, फुडं लई जागा हाय." लग्नाच्या पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्याला त्यांनी एकदा "मागनं येनाऱ्या गाडीनं या" असं सांगितलं होतं आणि तो वरपक्षाचा निघाला. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून घरात एकटेच असतात, तरी बाहेर पडताना उंबऱ्यात वळून रिकाम्या घराला विचारतात, "कुनी ऱ्हायलंय का?" मग कडी लावतात.

या माणसाने पडवीची एसटी का केली, ते सांगायला हवं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांची नात इरा पुण्याहून सुटीला आली होती. दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर माळावर करवंदं शोधत हिंडली आणि भर दुपारी घरी येऊन भडाभडा ओकली. आबांनी सारा जन्म घाटात ओकणारी पोरं पाहिलेली. त्यांनी एका क्षणात निदान केलं, गाडी लागली. काल एसटीनं आली ना, ती आज लागली. लगेच तिला लिंबू हुंगायला दिलं, वारा मिळावा म्हणून खिडकीशी नेमकी उन्हात बसवली आणि पोट ढवळेल म्हणून पाणीही बंद केलं. पोर तापून बरळायला लागली तेव्हा मी धावत गेले आणि आम्ही तिला ओल्या चादरीत गुंडाळून भोरला दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. पोर वाचली.

सून स्वाती येऊन तिला घेऊन गेली. स्वभावाने ती गरीब, आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, यापुढे सुटीत तुम्हीच पुण्याला येत जा." आबा गेलेही, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत परत आले. मला म्हणाले, "पोरगी माज्याकडं आली पायजे. माज्यावर इस्वास टाकून आली पायजे. न्हाईतर गाडी लागली आन् ऊन लागलं यातला फरक न कळनारा म्हातारा म्हनूनच मी मरायचो." मला त्यांची फार दया आली.

पुढच्या उन्हाळ्यात गाडी सुरू झाली. शाळेच्या सुटीत ऐन दुपारी पोरांना घरात कोंडणं कोणत्या आईला जमलंय? कैऱ्या पाडायला नाहीतर विहिरीवर पळायचीच. पण चालत्या गाडीतून उतरायला मनाई आहे, हे आबांनी सांगितलं आणि पोरांनी निमूट ऐकलं. तिकीट म्हणजे करंजाचं पान. तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं की आबा जुन्या चिमट्याने पानाला भोक पाडतात. आंबेघर आलं, पाणी प्या. निगुडघर आलं, पाणी प्या. माझा धाकटा कांदा खिशात घालून आला तेव्हा आबा म्हणाले, "कांदा खिशात असू दे, पर पानी पोटात पायजे." हिर्डोशी मागे पडली की वरंधा घाट येतो. तेव्हा आबा पडवीला टांगलेल्या गोणपाटांवर बादलीने पाणी मारतात आणि खरोखरच गार वारा आत येतो. बाहेर माळ भाजत असतो आणि आमची पोरं घाटातली माकडं मोजत बसलेली असतात. एकालाही त्या वर्षी ऊन लागलं नाही. तरी इरा आली नाही.

यंदा मे महिन्यात स्वाती आली. मुद्दाम न कळवता, ऐन दुपारी, आपल्या डोळ्यांनी बघायला. पुण्याहून स्कूटरवर, तोंडाला पुण्यातल्या बायका बांधतात तसा फडका, फक्त डोळे उघडे. गाडी हिर्डोशीला होती. आबांनी तिला ओळखलंच नाही. "ताई, दारात उभं ऱ्हाऊ नका, मागं बसून घ्या," म्हणाले. ती मागच्या बाकावर टेकली आणि तिचा तोलच गेला. मी पाणी भरायला आले होते, मी तिला धरलं. "काही नाही," ती पुटपुटली, "मळमळतंय. गाडी लागली असेल."

आबांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. उत्तर दिलं ते माझ्या थोरलीने.

"काकू, स्कूटर कुनाला लागती व्हय? तुमास्नी ऊन लागलंय."

मग मला काही करायची वेळच आली नाही. एकीने फडका सोडला, दुसऱ्याने तो भिजवून मानेवर ठेवला, तिसऱ्याने साखर-मिठाचं पाणी आणून "घोट घोट प्या" असं दटावलं. दोघं पुठ्ठ्याने वारा घालत होते. फडका सुटल्यावर आबांनी सुनेला ओळखलं आणि एकाच्या हातातला पुठ्ठा घेऊन ते स्वतःच वारा घालायला लागले.

थोड्या वेळाने तिला हुशारी आली. ती निघते म्हणाली तर आख्खी गाडी ओरडली की ऊन उतरल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. बिचारी महाडला जाऊन आली. संध्याकाळी स्कूटरला चावी लावताना म्हणाली, "बाबा, रविवारी इराला आणून सोडते. सुटी संपेपर्यंत राहील."

त्या संध्याकाळी आबांनी घंटा इतकी बडवली की खालच्या आळीतले लोक काय झालं बघायला आले. येईल त्याच्या हातात पन्ह्याचा पेला देत होते. मी दोनदा घेतलं.

रविवारी स्वातीने इराला सकाळच्या गारव्यातच आणून सोडली. दुपारी ती पाणी पिऊन, भोक पाडलेलं पान मुठीत धरून पहिल्या बाकावर बसली. आबांनी दोन टोले दिले आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कंडक्टरने उभं राहायचं सोडून ते प्रवाशांच्या बाकावर इराशेजारी बसले. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. आंबेघर आलं, गेलं, कुणी पुकारलंच नाही.

"आबा," पोरं ओरडली, "निगुडघर आलं की."

"येऊ द्या," आबा डोळे पुसत म्हणाले. "मला न्हाई उतरायचं."