भोपळ्याचे अडीच किलो

माझं नाक तीक्ष्ण, नजर त्याहून तीक्ष्ण, आणि जिभेबद्दल तर आमचे हे सांगतीलच. आमच्या इमारतीत आजवर एकही चोर आला नाही, तो माझ्याच धाकाने. लिफ्टच्या आरशापासून दूधवाल्याच्या सुट्ट्यांपर्यंत अठ्ठेचाळीस प्रकरणांचा मी छडा लावलाय. त्यातल्या सत्तेचाळीसांत गुन्हा घडलाच नव्हता, पण तेसुद्धा शोधावंच लागतं ना!

एकोणपन्नासावं प्रकरण भोपळ्याचं. भोपळ्या म्हणजे आमचा म्हातारा कुत्रा. लेकीचं बाळंतपण परदेशी, आम्हाला जायचं दोन महिन्यांसाठी. मी विमान कंपनीत फोन लावला.

"कुत्रा केबिनमध्ये चालेल, पिशवीसकट आठ किलो," पलीकडची मुलगी म्हणाली. "जास्त भरला तर पिंजऱ्यात घालून खाली, सामानाच्या कप्प्यात."

"आणि माणसाला किती किलो?"

"माणसाला मर्यादा नाही, आजी."

भोपळ्याचं भाडं माझ्या तिकिटापेक्षा जास्त, आणि जागा माझ्या पायाशी! तेही मी गिळलं. पण त्याचं काळीज नाजूक, कुकरच्या शिट्टीलासुद्धा पलंगाखाली घुसतो. त्या अंधाऱ्या कप्प्यात तो टिकला नसता. मी जाहीर केलं, "तो खाली, तर मी घरी." लेक फोनवर रडायला लागली.

पिशवी दीड किलोची. म्हणजे भोपळ्या हवा साडेसहा, आणि होता नऊ. घरच्या काट्यावर तो एकटा उभा राहत नाही, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन चढायचे. दोघांचे मिळून एकाहत्तर, त्यातून माझे बासष्ट वजा. माझे बासष्ट पहिल्या दिवशी मोजून फ्रिजवर लिहून ठेवले होते. यांची कंबर धरलेली, म्हणून यांच्याकडे फक्त वजनं लिहायची वही.

त्याचं अंडं बंद, चीज बंद, संध्याकाळची वाटी अर्धी. उरलेलं मी संपवायचे. अन्न टाकवत नाही, आणि तपासाला ताकद लागते.

महिना झाला. काटा एकाहत्तरवरून हलेना!

"कुणीतरी याला चोरून खायला घालतंय," मी म्हटलं.

"अगं, बारीक दिसतोय तो," हे म्हणाले.

"दिसण्यावर जाणारे शिपाई होतात, डिटेक्टिव्ह नाही."

पहिला संशय शेजारच्या शिवणवाल्या बाईंवर. मी दाराशी पीठ पसरलं. सकाळी पावलं उमटली होती, यांच्या चपलांची! खिसे तपासले, तर बिस्किटांचा चुरा.

"अहो, डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना तुमचं? आणि कुत्र्याला घालताय?"

"कुत्र्याला कशाला देईन?" हे दुखावून म्हणाले. "मीच जिन्यात जाऊन खातो."

एक गुन्हेगार सापडला, पण चुकीचा. मग माझ्या लक्षात आलं, टीव्हीचा रिमोट आठवडाभर गायब होता. भोपळ्याने तो गिळला! मी त्याच्या पोटाला कान लावून बटणं चाचपत बसले. तेवढ्यात हे माझ्याच खुर्चीच्या गादीखालून रिमोट घेऊन आले.

विमानाला तीन दिवस उरले. तब्येतीचा दाखला लागतो म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या मदतनीस बाईंनी भोपळ्याला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं, एका हाताने थोपटलं, आणि म्हणाल्या, "सहा किलो चारशे."

"काटा बिघडलाय तुमचा," मी म्हटलं. "घरी नऊ भरतो."

"घरी कसा मोजता?"

मी सगळी पद्धत समजावली, वजाबाकीसकट. बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कोपऱ्यातल्या, मोठ्या कुत्र्यांच्या काट्याकडे बोट दाखवलं.

"आजी, चढता का जरा?"

चौसष्ट किलो सहाशे.

दवाखान्यातल्या सगळ्या माना वळल्या. एक मांजरसुद्धा माझ्याकडे बघत होतं.

"त्याचे गेले ते कुठे गेले, कळलं," हे वहीत लिहीत म्हणाले.

"अहो, लिहिताय काय?"

"एकोणपन्नासावं प्रकरण. मुद्देमाल आरोपीच्या पोटात सापडला."

मी बाईंना दटावून विचारलं, "दाखल्यावर फक्त कुत्र्याचं वजन लिहितात ना?"

विमानात भोपळ्या माझ्या पायाशी घोरत होता. जेवण आलं. यांनी माझ्या ताटलीतून चीज उचललं, लोणी उचललं, गोडाची वाटीही उचलली.

"तुझं बंद," म्हणाले.

"आणि या सगळ्याचं करणार काय?"

यांनी चमचा हातात घेतला. "अन्न टाकवत नाही गं."