जुना माल आधी

भूक लागते म्हणून माणूस जेवतो, असा एक गोड गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे. वळण असलेल्या घरांत माणूस जेवतो, कारण काल उरलेलं असतं.

हे सत्य पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने अमलात आणलं ते पाइपांच्या कारखान्यातल्या एका स्टोअरकीपरने. गृहस्थ नाकासमोर चालणारे. त्यांच्या स्टोअरचा नियम एकच: जो माल आधी आला, तो आधी बाहेर काढायचा. या नियमामुळे त्यांच्या हाताखालचा एकही वॉशर आजवर पडून गंजला नव्हता. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी घरात वाटीभर भात उरला आणि त्यांनी हा नियम स्वयंपाकघरालाही लागू केला. वॉशरला जे मानवतं ते भाताला न मानवायला काय झालं?

चौथ्या दिवशी संध्याकाळी आधी तो वाटीभर भात खाल्ला गेला. त्यामुळे त्या दिवशीचा ताजा भात दोन वाट्या उरला. पाचव्या दिवशी आधी त्या दोन वाट्या. अशी प्रगती होत होत महिनाभरात आजचं सगळं उद्यावर गेलं आणि घराची घडी बसली. तेव्हापासून सोमवारी रांधलेलं मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. बावीस वर्षांत घरात एक शीतही वाया गेलं नाही, हे स्टोअरकीपर ओळखीच्यांना सांगत. (अनोळखी लोकांनाही सांगत.)

धाकट्याने एकदा मित्राकडे ताजा भात पाहिला आणि तो तसाच ठेवून घरी आला. भातातून धूर निघत होता, म्हणाला. थोरली कॉलेजात जायला लागली, तसं तिने सुचवून पाहिलं की एक दिवस स्वयंपाक केलाच नाही तर दुसऱ्या दिवसापासून सगळे ताजं जेवतील. वडिलांनी तिला शांतपणे समजावलं की साठा शून्यावर येणं याला आणीबाणी म्हणतात.

आता कुणी म्हणेल, असा माणूस बायकामुलांना बाहेर जेवायला कशाला नेतोय! तर नेत असे. दर दोन महिन्यांनी, कोपऱ्यावरच्या साध्या हॉटेलात, सहकुटुंब. मात्र त्याची एक कार्यपद्धती होती. साडेसहाला घरी पोटभर जेवायचं. सातला निघायचं. हॉटेलात मेनूकार्डाचं फक्त पहिलं पान उघडायचं, कारण पहिल्या पानावर सूप असतं आणि दुसऱ्यापासून मोह. एक सूप, चार वाट्या. उरलं तर (लिंबाच्या फोडींसह) बांधून घ्यायचं आणि घरी आल्यावर तारीख घालून रांगेत लावायचं. स्टोअरकीपरांनी खिडकीजवळच्या टेबलावरून केलेल्या पाहणीनुसार शंभरातली त्र्याण्णव कुटुंबं हॉटेलात भुकेली जातात आणि त्यांतली एक्क्याण्णव तिथे पोटभर जेवतात. भुकेचे दुष्परिणाम याहून स्पष्ट काय दाखवायचे?

बायकोला स्वयंपाकातून सुट्टी मिळावी, हाच या सगळ्यामागचा उद्देश. त्यामुळे त्या दिवशी तिला दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक जरा लवकर आटपावा लागे, इतकंच.

अशा या सुरळीत चाललेल्या कारभारात यंदा लग्नाच्या बाविसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी बायकोने मागणी पुढे केली. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "यंदा मला हॉटेलात भुकेलं जायचंय. चौथ्या पानावर त्या मासळीचा फोटो आहे बघा, अख्खी, तळलेली. ती मला गरम खायचीय. एकटीला."

चौथं पान हिने पाहिलं कधी, या विचाराने स्टोअरकीपर हादरले. पण वरकरणी त्यांनी एवढंच विचारलं की भुकेलं राहायचं तर घरी राहावं, त्यासाठी हॉटेल कशाला?

"घरी भूक लागतेच कुठे? तुम्ही सगळे उठलात की डब्याडब्यांत चमचा चमचा उरलेलं असतं. चिठ्ठी लावण्याइतकंही नसतं. ते मी ओट्याशी उभी राहून संपवते. बावीस वर्षं तेच चाललंय."

हे ऐकून स्टोअरकीपरांना भरून आलं. शून्य नासाडी ही आपल्या नियमाची किमया आहे हे ते जाणून होतेच, पण नियमाला खालच्या पातळीवरूनही सहकार्य मिळतंय हे त्यांना आज कळलं. त्यांनी बायकोचं मनापासून कौतुक केलं आणि मागणी विचाराधीन ठेवली. (विचाराधीन ठेवलेल्या गोष्टी त्या घरात एकूण चाळीस होत्या. त्यांतली सर्वात जुनी गोष्ट म्हणजे एक खिडकी.)

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बायकोने फक्त स्वयंपाक केला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला स्टोअरकीपरांनी फ्रिज उघडला. आत दिवा लागला आणि त्याच्या उजेडात काहीच दिसलं नाही. एकही डबा नाही, एकही चिठ्ठी नाही. साठा शून्य. बायको मात्र नवी साडी नेसून दारात उभी होती आणि मुलं बूट घालून तयार.

हॉटेलात पोचेपर्यंत स्टोअरकीपरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. हॉटेलात आपल्याला भूक लागू शकते, हा अनुभव त्यांना नवीन होता. वेटर जुना. त्याने न विचारता एक सूप आणि चार वाट्या आणून ठेवल्या. तेवढ्यात बायकोने मेनूकार्ड ओढून घेतलं, सरळ चौथं पान उघडलं आणि एक मासळी सांगितली. कापून आणू नका, असंही सांगितलं. थोरलीने आणि धाकट्याने वडिलांच्या नजरेला नजर न देता नूडल्स सांगून टाकले.

मासळी आली. कडा कुरकुरीत, वर वाफ. धाकटा धुराकडे बघून जरा बिचकला, मग आईचा चेहराच बघत राहिला. ती सावकाश खात होती. मधेच थांबत होती, डोळे मिटत होती, पुन्हा खात होती. बावीस वर्षांत नवऱ्याने तिला एवढं बसून जेवताना पाहिलं नव्हतं. मासळी अर्धी झाली तसा त्यांना राहवेना. उरलेली बांधून घेऊ या का, असं त्यांनी सवयीने विचारून पाहिलं. तिने पुढचा तुकडा तोडला. शेवटी त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे करून बायकोकडे घास मागितला. "थोडी देतेस?"

बायकोने सुपाच्या चारही वाट्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

"आधी सूप संपवा," ती म्हणाली. "जुना माल आधी."

नियम त्यांचाच होता. त्यांनी पहिली वाटी उचलली. चौथी वाटी संपेपर्यंत ताटात काटा उरला होता. तो बांधून घेण्याजोगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरात पूर्ववत स्वयंपाक झाला. जेवणं झाली. आणि मग ओट्यावर स्टोअरकीपरांना चार डबे दिसले, प्रत्येकात चमचा चमचा उरलेलं. बायकोने त्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. तारीख नव्हती. प्रत्येकीवर एकच शब्द होता: 'तुमचं'. ते ओट्याशी गेले, उभे राहिले, आणि एकेक डबा उघडून संपवू लागले. बायको बाहेर खुर्चीवर बसली होती.

आपल्याही घरात काही वाया जात नाही, असं आपण परवाच कुणाला तरी मोठ्या अभिमानाने सांगितलंत. छान आहे. मग ते जातं कुठे, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं असेल. लांब जायला नको. हे वाचता वाचता जरा मान वर करा आणि ओट्याशी कोण उभं आहे ते बघा.