डिलीटला निवद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता प्रियदर्शनीची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती, आणि तीन वाजले तरी घरातला कॉम्प्युटर चालू व्हायचं नाव घेत नव्हता. बटण दाबलं की विंडोजऐवजी निळा पडदा आणि त्यावर इंग्रजीची नुसती गर्दी. मोबाईलवर परीक्षा देता येणार नाही, असं कंपनीनं आधीच बजावलं होतं. पोरगी रडकुंडीला आली.

अशा वेळी घरात एक तज्ज्ञ लागतो. देवदयेनं तो होता. थोरला भाऊ सम्राट.

"ह्ये बायोस हाय," तो म्हणाला. "विंडोजच्या आधी ह्यो उठतो. कुठल्या डिस्कवरनं चालू व्हायचं, पंखा किती फिरवायचा, समदं हितं ठरतंय. सेटिंग बिघडलंय. बदलतो."

"तुला कळतंय काय त्यातलं?" आबांनी, म्हणजे वडील हंबीररावांनी विचारलं.

"व्हिडिओ बघितलाय की!"

अर्धा बघितला होता. पण घरात एवढा शिकलेला दुसरा होता कोण?

सम्राटनं डिस्कचा क्रम बदलला. बंद केलं, चालू केलं, निळंच. पंख्याचा वेग वाढवला. तरी निळंच, वर पिठाच्या गिरणीसारखा आवाज.

"खंडेनवमीला बुलेटला हार घातला, तसा ह्येला घातला न्हवता काय?" आबांनी नेमकं निदान केलं.

"घातला की!" पोरांची आई, आक्का फणकारली. "माझ्या पूजेत खोट काढू नगासा. बुलेटच्या आधी ह्येची पूजा केली. त्या बटनांवर गूळ-खोबऱ्याचा निवद ठेवला. काल सांजंपर्यंत कुणाला हलवू दिला न्हाई."

प्रियदर्शनीनं दचकून कीबोर्डाकडे पाहिलं. मुंग्यांची रांग थेट डिलीटच्या बटणाखाली चालली होती. एकही व्हिडिओ न बघता त्यांना बिघाड सापडला होता.

"दादा, ऊठ तिथनं!"

अस्सल कोल्हापुरी गूळ तो. दमट हवेत पाघळला आणि डिलीट खालीच चिकटून बसलं. चालू होताना डिलीट दाबलं की बायोस उघडतं, हे त्या व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. सम्राटनं बघितला तो शेवटचा अर्धा.

आक्कानं ओल्या फडक्यानं पुसलं. बटण टुणकन वर आलं. कॉम्प्युटर चालू केला, तर आता काळा पडदा. डिस्कच सापडेना!

"आता काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"गुळाचं संपलं. आता दादाचं निस्तरायचं."

प्रियदर्शनीनं स्वतः डिलीट दाबलं, बायोसमध्ये शिरली, मूळ सेटिंग परत आणायचा पर्याय निवडला. चारच्या तोंडाशी विंडोज आलं. आबांचा जीव भांड्यात पडला.

परीक्षा झाली. तोवर गल्लीभर झालं होतं, की सम्राटनं बायोस दुरुस्त केलं. शेजारचे दोन सीपीयू दारात येऊन पडले होते आणि सम्राट त्यांच्याकडे डॉक्टरासारखा बघत होता.

संध्याकाळी मेल आला. प्रियदर्शनी पास! मुलाखत उद्या सकाळी, ऑनलाइनच.

आक्काचे डोळे भरून आले. "सम्राट, कुठलं बटन रुसलं हुतं रं?"

"ह्ये. डिलीट," सीपीयूतून डोकं न काढता त्यानं बोट दाखवलं.

"तरीच! निवद बाकीच्यांस्नी, अन् ह्येच्या वाट्याला नुसता गुळाचा वघळ," म्हणत आक्कानं हात जोडले आणि गुळाचा चांगला मोठा खडा डिलीटवर नीट दाबून बसवला.