क्लच गाडीत आहे

चष्मेवाल्यानं शेवटून दुसरी ओळ वाचायला सांगितली तेव्हा मास्तर म्हणाले, "ओळ राहू दे. आधी तुझ्या दुकानापुढच्या गाड्या नीट लावून घे. सगळ्या तिरप्या आहेत."

मास्तर म्हणजे मोटार चालवायला शिकवणारे मास्तर. गावातल्या निम्म्याअधिक लोकांनी त्यांच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलं होतं आणि तेवढ्याच लोकांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता ते निवृत्त झाले होते. शिकवणीची जुनी गाडी भंगारात गेली होती आणि मुलानं त्यांना एक नवी, बटणं दाबून चालणारी गाडी घेऊन दिली होती. मास्तरांचा आवाज मात्र अजून जुन्याच गाडीचा होता.

"क्लच कुठंय?" चष्मेवाल्यानं विचारलं. क्लच हा मास्तरांचा कुत्रा.

"गाडीत. झाडाखाली लावलीय, काच चार बोटं उघडी आहे."

"ऊन फार आहे हो. आत घेऊन या की त्याला."

"तुझ्या दारावर पाटी आहे. कुत्र्यांना आत आणू नये."

"ती पाटी तुमच्यासाठी नाही."

"पाटी सगळ्यांसाठी असते," मास्तर म्हणाले. सगळी हयात पाट्या पाळायला शिकवण्यात गेलेल्या माणसापुढे चष्मेवाला काय बोलणार? तोही त्यांचाच विद्यार्थी. त्यानं मास्तरांच्या नाकावर तपासणीची जाडजूड गोल चौकट चढवली आणि तिच्यात भिंगं घालायला, काढायला सुरुवात केली.

"आणि काही होत नाही रे कुत्र्याला. आमचा हॉर्न आठवतो ना?"

हॉर्न म्हणजे क्लचच्या आधीचा कुत्रा. जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून त्यानं पिढ्यांच्या पिढ्या पास होताना पाहिल्या होत्या. मास्तर लायसन्सच्या कामाला याच रस्त्यावरच्या कचेरीत गेले की हॉर्न गाडीत तासन्‌तास बसून राहायचा. बाहेर यावं तर हा तिथंच, त्याच सीटवर, ताठ मानेनं. तसा कुत्रा आता होणे नाही. तशी गाडी होणे नाही. चष्मेवाला भिंग बदलायचा आणि मास्तरांना हॉर्नची आणखी एक गोष्ट आठवायची. डाव्या डोळ्यापर्यंत येईतो बराच वेळ गेला.

इतक्यात एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "अहो, बाहेर कुणीतरी कुत्रं कोंडून ठेवलंय गाडीत. पार अर्धमेलं झालंय."

मास्तर खुर्चीतून उठले ते त्या चौकटीसकट. "कोण तो दिवटा? चल, बघू दे मला."

बाहेर आल्यावर त्यांना त्या भिंगांतून एक धुरकट गर्दी दिसली आणि गर्दीच्या मधोमध एक धुरकट गाडी. मास्तरांना तेवढं पुरेसं होतं. "अशा माणसांची लायसन्सं काढून घेतली पाहिजेत," ते गर्दीला सांगू लागले. "गाडी चालवायची अक्कल नाही ते नाहीच, जनावर पाळायचीही नाही. उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी असते, भट्टी. याला कुणी शिकवलं?"

गर्दी आपापल्या चपलांकडे बघू लागली. बहुतेक जण मास्तरांचेच विद्यार्थी होते आणि इतक्या वर्षांत मास्तरांची चूक काढायची वेळ कुणावर आली नव्हती.

शेवटी चष्मेवाला हळूच म्हणाला, "मास्तर, गाडी तुमचीच आहे."

मास्तरांनी चौकट कपाळावर सारली. झाड जागेवर होतं. सावली तेवढी सरकून पलीकडच्या स्कूटरवर जाऊन बसली होती. आत क्लच सीटवर आडवा पडला होता. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय. तो भुंकत नव्हता. टपालवाल्यापासून पतंगापर्यंत सगळ्यांवर भुंकणारा क्लच गप्प आहे हे पाहिलं आणि मास्तरांचा तो प्रसिद्ध आवाज कुठल्या कुठे गेला.

"किल्ली?" कुणीतरी विचारलं.

"हिच्या पर्समध्ये. ही पडद्याचं कापड बघायला गेलीय."

"कुठल्या दुकानात?"

"सगळ्याच," मास्तर म्हणाले.

एक जण धावत सुटला. बाकीचे काचेभोवती उभे राहिले. चार बोटांच्या फटीतून हात जाईना. दुसऱ्याच्या गाडीला बोट लावायचं नाही हा मास्तरांचा पहिला धडा होता आणि तो सगळ्यांना नेमका आत्ता आठवत होता. त्यातून ही तर खुद्द मास्तरांची गाडी.

तेवढ्यात समोरच्या बेकरीची मालकीण तराजूचं मोठं लोखंडी वजन घेऊन रस्ता ओलांडून आली. मास्तरांच्या हाताखाली इतक्या वेळा नापास झालेलं दुसरं कुणी नव्हतं.

"मास्तर, सरका बाजूला."

"अगं पण तू..."

"तुम्हीच म्हणायचात ना, माझा हात लागला की गाडीचं काहीतरी फुटतं म्हणून?"

मास्तरांनी एकदा क्लचकडे पाहिलं. "फोड," ते म्हणाले. "पुढची. तो मागं आहे."

मास्तरांची सूचना तिनं एका फटक्यात अमलात आणली असं इतक्या वर्षांत प्रथमच घडलं.

क्लचला उचलून बेकरीत नेलं, थंड फरशीवर पंख्याखाली निजवलं, पाण्यानं अंग आणि पंजे भिजवले. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, सुई टोचली. "वाचला," ते म्हणाले. "आणखी थोडा वेळ गेला असता तर मला बोलवायची गरज नव्हती." क्लचनं डोळे उघडले आणि सवयीनं डॉक्टरांवर भुंकला. मास्तर फरशीवरच बसले होते. ते आवाज न करता रडले आणि मग घाम पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

बायको आली ती किल्ली हातात धरूनच. फुटकी काच, ओला कुत्रा आणि कपाळावर चौकट चढवलेला नवरा, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं.

"हॉर्नला कधी काही झालं नाही," मास्तर पुटपुटले.

"अहो, त्या गाडीच्या मागच्या दाराला काच होती कुठं? पाऊस आला की आपण रेक्झिन लावायचो."

"तरी बसायचा ना तो. तासन्‌तास."

बायकोनं बेकरीवालीकडे पाहिलं. बेकरीवालीनं चष्मेवाल्याकडे. चष्मेवाल्यानं पंख्याकडे.

"सांगून टाक आता," बायको म्हणाली.

"मास्तर," बेकरीवाली म्हणाली, "तुमची पाठ फिरली की हॉर्न खिडकीतून उडी मारायचा. तडक इथं. त्या टेबलाखाली झोपायचा. माझ्या वडिलांच्या वेळेपासून."

"मग मी यायचो तेव्हा गाडीत कसा असायचा?"

"तुमचा आवाज रस्त्याच्या त्या टोकापासून ऐकू यायचा."

मास्तर टेबलाखालच्या जागेकडे बघत राहिले. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. क्लचपेक्षाही केविलवाणा चेहरा करून त्यांनी विचारलं, "म्हणजे माझी वाट वगैरे काही बघायचा नाही तो?"

"ते नाही सांगता यायचं. पण आम्ही त्याला बिस्किट घालायचो. तुमचा आवाज आला की तोंडातलं टाकून पळायचा."

"अर्धं टाकून?"

"अर्धं टाकून."

"मग ठीक आहे," मास्तर म्हणाले आणि उठले.

बेकरीवालीनं क्लचपुढेही एक बिस्किट ठेवलं होतं. मास्तर दारापाशी गेले आणि खड्या आवाजात म्हणाले, "क्लच, चल." क्लचनं मास्तरांकडे पाहिलं, बिस्किटाकडे पाहिलं आणि सावकाश खायला सुरुवात केली. मास्तर एका हातानं दार उघडं धरून, तोंडातून अक्षर न काढता, त्याचं खाणं संपेपर्यंत उभे राहिले.