एक खिळा शिल्लक

"काढू नको! हात मागे घे! सोड, सोड म्हणतो ना तो खिळा!"

तुकोजीअण्णा असे ओरडले की चिंचेच्या बनात उलटी टांगून झोपलेली शे-दीडशे वटवाघळं भर सकाळी जागी झाली आणि त्यातली दोन गडबडीत सुलटी टांगली गेली. ईशाच्या हातातली पकड खाली पडली. आम्ही वीस-बावीस स्वयंसेवक जागच्या जागी थिजलो. ओरडण्यामुळे नव्हे, अण्णा तर चहात साखर जास्त झाली तरी ओरडतात. थिजलो ते शब्दांमुळे. तुकोजीअण्णांनी "खिळा काढू नको" म्हणणं म्हणजे दंतवैद्यानं किडकी दाढ बघून तिला नमस्कार करणं.

अण्णा माझे घरमालक. घर बंगळुरात, बनशंकरीत, ते खाली, आम्ही वर. त्यांच्या घराण्यातले लोक चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून दक्षिणेत उतरले आणि, अण्णांच्या म्हणण्यानुसार, घोडे बांधले ते याच बनात. "घोडे गेले," अण्णा म्हणतात, "आम्हीच बांधलेले राहिलो." स्वतः अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चाळीस वर्षं लोखंडाशी बोलत होते. निवृत्त झाल्यावर झाडांशी बोलू लागले. माणसांची पाळी अजून आलेली नाही.

घर भाड्यानं देताना त्यांनी मला नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मटण शिजवता का हेही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "भिंतीला खिळा मारायचा नाही. सरी?"

मी "सरी", म्हणजे कन्नडमधलं 'ठीक', म्हणालो आणि फसलो. सहा वर्षं झाली, आमच्या लग्नाचा फोटो जमिनीवर भिंतीला टेकून उभा आहे. मी आणि बायको सहा वर्षं लोकांच्या गुडघ्यांकडे बघून हसतोय. अण्णांच्या घरी तर याहून कडक कारभार. कॅलेंडर सोफ्यावर बसतं, म्हणून पाहुणे उभे राहतात. देव टेबलावर. घड्याळ कांद्याच्या टोपलीत. शांताक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "किती वाजले बघायला गेले की डोळ्यांत पाणी येतं, बघा. लोकांना वाटतं मला वेळेचं दुःख आहे."

एवढं सगळं का, तर खिळा टोचतो म्हणून. कुणाला? "ज्याला मारतात त्याला," अण्णा सांगतात आणि भिंतीकडे दिलगिरीनं बघतात.

ते बन बनशंकरीच्याही पलीकडे, तीन अपार्टमेंटांच्या मधोमध आहे. चिंचेची एकशे बारा झाडं. त्यातल्या सगळ्यात लहानाचं वय विचारलं तर अण्णा म्हणतात, "ते? पोरगं आहे हो. दोनशे असेल." सकाळी सहाला तिथं गेलं की हे शहर दुसऱ्याच कुणाला तरी पडलेलं स्वप्न वाटतं. धुकं बुंध्यांशी गाईसारखं बसलेलं असतं, रवंथ करत. चिंचेची बारीक पानं आवाज न करता झरत असतात. अर्धा तास उभं राहिलं तर खांदे पिवळे होतात. तासभर उभं राहिलं तर लोक तुम्हाला झाड समजून तुमच्या छातीवर 'वजन कमी करा'ची पाटी ठोकतात.

कारण दुखणं तेच होतं. बनाच्या कडेनं जुना रस्ता जातो. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं ज्याला जे विकायचं होतं ते त्यानं झाडावर ठोकलं. लेडीज पीजी, बोअरवेल, दहावीची शिकवणी, मूळव्याध. पाट्या कुजून पडल्या, खिळे आत राहिले. अण्णांचा दावा असा की एकदा वादळात त्यातल्या एका झाडावर वीज पडायला आली आणि एवढं लोखंड बघून घाबरून परत गेली.

अकरा वर्षांपूर्वी अण्णा एकटेच तिथं जाऊन बसले. सोबत स्वतः घडवलेली पकड, बगळ्याच्या चोचीसारखी लांब. मेणाची डबी. हळदीची पुडी. मग हळूहळू आम्ही जमलो, दर रविवारी. खिळा उपटण्याचा विधी ठरलेला. आधी अण्णा बुंध्यावर तळहात ठेवतात. मग कानात सांगावं तसं म्हणतात, "स्वल्प दुखेल हं." मग चोच लावतात आणि इतक्या सावकाश ओढतात की एका खिळ्याला मी सिग्नलवर न काढलेली झोप काढून घेतो. शेवटी आतून 'किर्र' असा आवाज येतो, झोपेत कुणी कूस बदलल्यासारखा. भोकात मेण-हळद भरतात. झाडाला थोपटतात. पुढचा.

"घाई कशाला?" म्हणतात. "झाडाला काय ऑफिस आहे?"

ईशा आमच्यातली सगळ्यात नवी. कोरमंगल्याच्या पीजीत राहते, मूळची पुण्याची, बोलण्यात निम्मं इंग्रजी आणि उरलेल्यात निम्मा उत्साह. "अण्णा, हे सुपर स्लो आहे," असं पहिल्याच दिवशी म्हणाली. त्यावर अण्णा म्हणाले, "झाडानं तक्रार केली का?" तेव्हापासून दोघांचं जमलं.

तर त्या रविवारी मोठा बेत होता. अण्णांच्या वहीप्रमाणे एकशे बारा झाडं तपासून झाली होती. दहा वाजता लेआउटच्या, म्हणजे तिथल्या वसाहतीच्या, रहिवासी संघाचे अध्यक्ष येऊन बन खिळेमुक्त झाल्याचं जाहीर करणार होते. अण्णांनी नवा सदरा घातला होता. अकरा वर्षं हा माणूस याच दिवसासाठी उठत होता, आणि ते उठायचे म्हणून आम्हालाही उठावं लागत होतं.

नऊ वाजता कापडी फलक आला. 'खिळेमुक्त चिंचबन'. आणणाऱ्या माणसानं तो झाडाला लावला, खिशातून हातोडी काढली आणि चार खिळे तोंडात धरले.

त्याचे प्राण वाचले ते केवळ शांताक्कांनी मध्ये इडलीचा डबा घातला म्हणून. अण्णांनी दोरी बांधायलाही परवानगी दिली नाही. झाडाला कशाला फास? शेवटी फलकाचं एक टोक मी आणि दुसरं एका कॉम्प्युटरवाल्यानं धरलं आणि आम्ही दोघे खुंट्या होऊन उभे राहिलो. तेवढी एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली. तोंडात खिळे धरलेल्या त्या माणसाकडे अण्णा ओरडण्याआधी क्षणभर नुसते बघत राहिले होते. राग तिथं नव्हता.

तेवढ्यात ईशानं आपल्या कंपनीतून आणलेलं धातू शोधणारं यंत्र काढलं. "लास्ट चेक," म्हणाली आणि बनातल्या सगळ्यात जुन्या झाडापाशी गेली. ते एवढं मोठं आहे की त्याला प्रदक्षिणा घालायला निघालेला माणूस चप्पल झिजवून परत येतो. यंत्र किंचाळलं. तिनं साल खरवडली तर मेण निघालं, मेणावर सालीची भुकटी अशी बेमालूम लावलेली की झाडालाही खरी वाटावी. आत खिळ्याचं चपटं डोकं. अण्णांच्या वहीत या झाडापुढे 'तपासलं' अशी खूण होती. अकरा वर्षं.

ईशानं पकड लावली आणि अण्णा ओरडले.

वटवाघळं परत झोपली. अण्णा त्या झाडापाशी गेले. खिळा जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. ते गुडघ्यांवर बसले.

"आणखी वर कसा गेला नाही?" मी मूर्खासारखं विचारलं. "झाड वाढलं की."

"झाड शेंड्याकडून वाढतं. खिळा तिथंच राहतो." मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "माझा बाप पाट्या ठोकायचा. इथं जत्रा भरायची, नाटक कंपन्या यायच्या. वरचे खिळे बाप मारायचा. हा खालच्या कोपऱ्याचा माझ्या हाती दिला. सात वर्षांचा होतो. त्याचा हात वर, माझा खाली, मध्ये हातोडी."

"हाऊ स्वीट," ईशा हळूच म्हणाली.

"स्वीट कसलं? बापाच्या तोंडात सदा खिळे असायचे. घरी आला तरी ओठ तसेच मिटलेले. माझ्याशी बोलल्याचं आठवत नाही. त्या दिवशी मात्र सगळे खिळे तोंडातून हातावर काढले, वाकून बघितलं आणि म्हणाला, 'सरी आहे.'" अण्णांनी बोटानं खिळ्यावरचं मेण पुसलं. "एवढंच."

पानं झरत होती. फलक धरून माझे हात भरून आले होते, पण खाली सोडवेना.

दहाला अध्यक्ष आले, हार, मोबाइल, फोटोवाला सगळं घेऊन. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणी काही बोललं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. मेणाची डबी अण्णांच्या खिशातच होती. पण अण्णा नवा सदरा सारखा करत पुढे झाले आणि कन्नडमध्ये सांगितलं, "झालं नाही, सर. एक राहिलाय."

"एकच ना? मग काढा की! पाच मिनिटं थांबतो."

"तो नाही निघायचा."

"आणि फलक?"

"घडी करा," अण्णा म्हणाले.

अध्यक्ष इडली खाऊन गेले. मी आणि कॉम्प्युटरवाल्यानं 'खिळेमुक्त'ची आठ पदरी घडी घातली. मंडळी पांगली. ऊन फांद्यांतून झिरपून बुंध्यांवर नाण्यांसारखं सांडलं होतं. ईशा अण्णांसमोर आली, हात पुढे केला, त्यांनी डबी दिली. ती गुडघ्यांवर बसली, खिळ्यावर मेण लिंपलं, वर सालीची भुकटी चोपडली. इतक्या सावकाश की सुपर स्लो. मग बुंध्याला थोपटलं.

परत निघताना मला राहवेना. "अण्णा," मी विचारलं, "इतक्या वर्षांनी त्याचं झाडाला आता काही दुखत नसेल, नाही?"

अण्णांनी पकड पिशवीत घातली.

"दुखतं की. स्वल्प."