माथ्यावरचे अकरा भुंगेरे

ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही, आणि ज्याची नोंद शून्य आहे तो निव्वळ कामचुकारपणा आहे. या भक्कम पायावर आमचं भूचर कीटक गणना कार्यालय उभं आहे.

पद्धत साधी आहे. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहा ठिकाणी, दर ऋतूत, काठ जमिनीशी समपातळीत येईल असे पेले पुरायचे. आठ दिवसांनी जायचं आणि आत पडलेले किडे, कोळी, गोमी मोजायच्या (कार्यालयीन भाषेत यांना ‘लाभार्थी’ म्हणतात). तक्ते मी भरतो. रिकामी चौकट मला बघवत नाही.

चढायचं काम पेलेवाल्या बाईंकडे होतं. नेमणूक एका वर्षाची, पुढचं वर्ष काम पाहून (म्हणजे तक्ता पाहून). घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, सोबत म्हातारी आई. बाईंमध्ये एकच दोष होता : त्या खरोखर वर जात. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आकडे आणले. पायथा दोनशे बारा, मधले टप्पे उतरते, माथा शून्य.

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, वर गेला होतात की नव्हतात?”

“गेले होते साहेब. दोन हात बर्फ होता. खणून पेला काढला. एकही किडा नव्हता.”

“म्हणजे गेला नव्हतात असंच दिसतं ना कागदावर!”

बाई पुन्हा चढल्या. या वेळी माथ्यावर एक भुंगेरा सापडला. तो आदल्या दिवशी त्यांच्या आईच्या कुंडीखाली होता आणि डबीत बसून वर गेला होता, हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. (“नोकरी किड्यांची आहे म्हणून घरात पाळायचे का गं?” असं आईने विचारलं होतं.)

कार्यालयाचा नियम दरवर्षी दहा टक्के वाढीचा. एका भुंगेऱ्यात दहा टक्के वाढ म्हणजे एक पूर्णांक एक दशांश भुंगेरा. अपूर्णांकी भुंगेरा तक्त्यात बसत नाही, म्हणून दोन. मग तीन, चार, पाच. पाचव्या वर्षी साहेबांनी आलेख काढला आणि थक्क झाले. जगात उष्णता वाढते आहे आणि भुंगेरे डोंगर चढताहेत! अहवाल गाजला, साहेबांना मानपत्र मिळालं. भुंगेरे चढत होते हे खरंच होतं, बाईंच्या पिशवीतून.

सहाव्या हिवाळ्यात बाई सहा भुंगेरे घेऊन गेल्या आणि सहाच्या सहा परत घेऊन आल्या.

“साहेब, पेल्यात अकरा होते. मी टाकलेले नाहीत. आपले आपण आलेले. आणि वर बर्फ नाही. ढेकूळभरसुद्धा नाही. आपल्या सगळ्यांच्या नळाला त्याच बर्फाचं पाणी येतं.”

साहेब गंभीर झाले. “बाई, यंदा सहा अपेक्षित आहेत. अकरा लिहिलेत तर पुढच्या वर्षी तेरा कुठून आणणार?”

“ते येतील साहेब. तीच तर भीती आहे.”

बाईंनी अकराच लिहिले आणि समासात ‘बर्फ नाही’ अशी ओळ टाकली. बर्फासाठी तक्त्यात रकाना नाही. मी ती ओळ खोडली आणि अकराचे सहा केले. तक्ता फार सुबक दिसला. आकड्यांतील अनियमितता या कारणास्तव बाईंची नेमणूक पुढे वाढली नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही इथे नोंदवतो.

आता तुमच्याबद्दल. बर्फ नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा तुम्ही काय करत होतात? अकराला दहा टक्के म्हणजे तेरा कसे, हे मनात ताडून पाहत होतात ना? मग एकदा अर्ज कराच. आमच्याकडे एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे, आणि डोंगर चढण्याची अट आता काढून टाकली आहे.